ईरव्वाची रेकॉर्ड

माझ्या दुकानात काउंटरच्या मागच्या भिंतीवर हातानं रंगवलेली एक पाटी आहे : 'लाखेच्या रेकॉर्डला स्पिरिट लावू नये.' हल्ली येणारी तरुण मंडळी तिचा फोटो काढतात. एकानं विचारलं, "काका, हा सुविचार आहे का?" मी म्हटलं, "तसंच समजा." पाटी वीस वर्षांची आहे. ती रंगवली तेव्हा सोलापुरात लाखेची रेकॉर्ड घेऊन दुकानात येणारं जवळपास कुणी उरलं नव्हतं. म्हणजे ती गिऱ्हाइकांसाठी नव्हतीच. कुणासाठी होती ते आज लिहितो. दोन महिन्यांपूर्वी लिहिता आलं नसतं.

आधी धंदा समजावून सांगतो, म्हणजे पुढचा गुन्हा नीट कळेल.

रेकॉर्डच्या जाती दोन. जुनी ती लाखेची. जड, काचेसारखी ठिसूळ, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणारी, एका बाजूला एक गाणं, तेही जेमतेम तीन मिनिटांचं. बांगडीत असते तीच लाख, तिच्यात दगडाची पूड आणि काजळी. नंतर आली ती प्लॅस्टिकची. आताची पोरं तिला व्हायनल म्हणतात. ती हलकी असते, पडली तरी फुटत नाही, पण सोलापूरच्या उन्हापुढं तिचं काही चालत नाही. श्रीपूरच्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ मे महिन्यात पुण्याहून एल.पी. घेऊन आले आणि गाडीच्या मागच्या सीटवर विसरले. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर धरून म्हणाले, "पापड झालाय. सरळ करून द्या." दोन जाड काचांमध्ये घालून हळूहळू तापवायची आणि तशीच दाबाखाली थंड होऊ द्यायची, एवढाच त्यावर उपाय. बरीच सरळ झाली. ऐकून म्हणाले, "गाणं अजून डुलतंय की." मी म्हटलं, "भजनच आहे. डुलू द्या."

मी या धंद्यात आलो तेव्हा रेकॉर्ड संपत आल्या होत्या. माझे उस्ताद ग्रामोफोन दुरुस्त करायचे. त्यांच्या हाताखाली दोन वर्षं काढली आणि पुढं पोट भरलं ते कॅसेटवर. लोक गाण्यांची यादी आणायचे, मी रेकॉर्डवरून कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचो. मग सीडी आली, मग फोन आला आणि यादी आणणारे बंद झाले. रेकॉर्ड माळ्यावर गेल्या. बायको म्हणायची, भंगारात घाला. थोड्या घातल्याही. त्यांची नावं आठवली की अजून जेवण गोड लागत नाही.

सहा-सात वर्षांपूर्वी वारं फिरलं. सुरुवात मोठी मजेची झाली. टेंभुर्णीचे एक हॉटेलवाले आले. हमरस्त्यावर त्यांचं हॉटेल. म्हणाले, "पन्नास काळ्या तबकड्या पायजेत. गाणी कुठली बी चालतील."

"कशाला?"

"भिंतीला लावायच्या. पुण्यामुंबईचं गिऱ्हाईक थांबतंय, त्यास्नी लई आवडतं म्हणं."

ज्या मेल्या होत्या त्या दिल्या. महिन्याभरानं ते परत आले, हातात भिंतीवरनं काढलेली एक तबकडी. "एक बाई उठून जाईना झाल्यात. म्हणत्यात, ही वाजवून दाखवा. आता आली का पंचाईत?" त्यांना एक प्लेअर दुरुस्त करून दिला, सोबत वाजणाऱ्या चार रेकॉर्ड. आता दुपारच्या जेवणाला तिथं रेकॉर्ड लागते आणि मालक स्वतः उठून बाजू पालटतात. म्हणतात, "दर ईस मिंटाला उठावं लागतंय. पाय मोकळं हुत्यात."

फोनमध्ये सगळी गाणी असताना लोक हे का घेतात, असं मला अजून विचारतात. मी एका मुलीला हाच प्रश्न केला होता. ती म्हणाली, "फोनवरचं गाणं मी अर्ध्यात पुढं ढकलते काका. हे ढकलता येत नाही, म्हणून ऐकते." याहून चांगलं उत्तर माझ्याकडं नाही.

तर पोरं आली, प्लेअर आले, माळा खाली उतरला. शहरातले लोक मला 'जुनं जपणारा माणूस' म्हणू लागले. एका कॉलेजात बोलायलाही नेलं. मी नको म्हणत होतो. लोकांना तो विनय वाटला.

आता वीस वर्षं मागं जातो.

गौरक्का पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा साठीच्या होत्या. हिरवं इरकल, कपाळाला विभूती, आवाज खणखणीत. मूळ गाव अक्कलकोटच्या पलीकडं, हद्दीवरचं. मुलगा सोलापुरात नोकरीला म्हणून इथं आलेल्या. बोलणं मराठी, पण मध्येच कानडी शब्द निसटायचा. त्यांनी पिशवीतून खणात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि काउंटरवर ठेवलं. लाखेची रेकॉर्ड. कधीतरी पाण्यात भिजल्यामुळं मधलं लेबल धुऊन गेलेलं, नुसता निळा डाग शिल्लक. पण अंग चकचकीत, ओरखडा नाही.

"ही माझी अव्वा," त्या म्हणाल्या.

"आईंनी गायलेली?"

"गायलेली म्हणतात. मी पाळण्यात होते. मला मावशीकडं टाकून पुण्याला गेली आणि दोन गाणी म्हणून आली. ईरव्वा नाव तिचं. मी दीड वर्षाची असताना गेली. फोटो बिटो काही नाही. एवढंच आहे."

"म्हणजे तुम्ही ऐकलेलीच नाही?"

"कशी ऐकणार? सावत्र आईनं पेटीतनं भाएर काढू दिली नाही, सासरी यंत्र नव्हतं. आता पोरानं सीडीचं मशीन घेतलंय. त्या चपट्या चकतीत घालून दे बाबा. मरायच्या आत आईचा आवाज ऐकते."

मी म्हटलं, "उद्या या."

त्या दिवशी दुपारी मी एका गिऱ्हाइकाचा कॅसेट डेक उघडून बसलो होतो. डेकचं हेड कापसानं आणि स्पिरिटनं पुसायचं असतं. दिवसातून दहा वेळा ते काम करायचो, हाताला इतकी सवय की बघावंही लागायचं नाही. डेक संपला, रेकॉर्ड पुढं ओढली. खाचांमध्ये साठ वर्षांची धूळ होती. हातातला कापूस तसाच रेकॉर्डवर फिरवला, कडेपासून लेबलापर्यंत, चांगला दाबून.

प्लॅस्टिकच्या रेकॉर्डला स्पिरिटनं काही होत नाही. लाख मात्र स्पिरिटात विरघळते. सुतार पॉलिश करतात ते हेच, लाख आणि स्पिरिट. उस्तादांनी पहिल्या दिवशी पहिली गोष्ट शिकवली होती ती ही. नवशिकाही ही चूक करत नाही. ती पंधरा वर्षं मुरलेल्या, एकाच वेळी दोन कामं करणाऱ्या माणसाच्या हातून होते.

कापूस बघितला तर काळा झाला होता. ती धूळ नव्हती. धूळ करडी असते.

रेकॉर्डवर पांढुरके फराटे उठले. सुई ठेवून बघितली. वाळू चाळल्यासारखा आवाज, आणि त्याच्या फार मागं कुणीतरी काहीतरी म्हणतंय. शब्द नाही, सूर नाही. थोड्या वेळानं तेही गेलं.

दुसरी बाजू कोरडी होती. तिला मी हात लावलेला नव्हता. रेकॉर्ड उलटून सुई ठेवायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी ती उलटली नाही. हे वाक्य लिहायला मला वीस वर्षं लागली. ती बाजू वाजली असती तर ती अक्कांना द्यावी लागली असती, आणि एक गाणं द्यायचं म्हणजे दुसऱ्याचं काय झालं ते सांगावं लागलं असतं. म्हणून मी ठरवून टाकलं की दोन्ही गेली.

दुसऱ्या दिवशी अक्का आल्या. मी म्हटलं, "काम नाजूक आहे. चार दिवसांनी या."

पुढचं घाईत झालं असं म्हणायची मला सोय नाही. चार दिवस होते. माळ्यावर लाखेच्या दीडशे-दोनशे रेकॉर्ड होत्या. त्यांतून निळ्या लेबलाच्या बाजूला काढल्या. त्यांतून, वाजवून बघत, बाईमाणसाच्या. त्यांतून, अक्कांच्या कपाळाची विभूती आठवून, शंकराच्या भजनाच्या. एक सापडली, दोन्ही बाजूंना भजनं, आवाज गोड, बाई अनोळखी. नाव वाचायच्या आधीच ओल्या फडक्यानं लेबल घासायला घेतलं. नाव वाचलं नाही म्हणजे कुणाचंच नाही, असं काहीतरी डोक्यात असावं. निळा डाग राहिला. मग त्या भजनांची सीडी केली आणि ती रेकॉर्ड अक्कांच्या खणात गुंडाळून ठेवली. लेबलाच्या कडेला लाखेत दाबलेला एक नंबर असतो, तो जात नाही. मला तो दिसला. म्हटलं, हा कोण वाचणार?

अक्का आल्या. दुकानातच ऐकायची म्हणाल्या. मी सीडी लावली. त्या स्पीकरच्या खोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या, बाळाच्या छातीवर ठेवावा तसा. दोन्ही भजनं संपेपर्यंत हात काढला नाही. मग डोळे पुसले आणि एवढंच म्हणाल्या, "अव्वाचं मराठी किती चांगलं होतं रे. घरात कानडीच बोलायची म्हणत होते सगळे."

मी म्हणालो, "गाण्यासाठी शिकवत असतील."

तेही मी म्हणालो. कुणी विचारलं नव्हतं.

त्या वर्षापासून दर संक्रांतीला अक्कांकडून शेंगापोळ्यांचा डबा येऊ लागला. वीस वर्षं, एकही संक्रांत चुकली नाही. मी त्या पोळ्या कधी खाल्ल्या नाहीत. शेजारच्या शिंप्याला द्यायचो. तो म्हणायचा, "तुमचं गिऱ्हाईक लई मायाळू हाय." बिघडवलेली रेकॉर्ड मी वर्तमानपत्रात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवली होती. टाकवली नाही. त्याच आठवड्यात पाटी रंगवली.

आता यंदाची गोष्ट. अक्कांची नात स्नेहा पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. तिलाही या रेकॉर्डचा नाद लागलाय, हे मला ठाऊक नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी ती दुकानात आली, हातात तीच खणाची गुंडाळी.

"काका, आजीला ऐंशी पूर्ण झाली म्हणून मी तिला प्लेअर दिलाय. सीडीचं मशीन कधीच बंद पडलं. मी तिच्या फोनमध्ये गाणी घालून दिली होती, पण ती म्हणते, फोनमधल्या आईला फुलं कुठं वाहू?"

"फुलं?"

"तुम्हाला माहीत नाही? ही रेकॉर्ड देव्हाऱ्याशेजारी असते आमच्या. रोज सकाळी विभूती, फूल, मग गाणं. मी लहानपणापासून बघतेय."

मी खण सोडला. रेकॉर्डच्या कडेला विभूतीची बोटं उमटलेली होती.

"प्लेअरची सुई हिच्यावर नीट चालत नाही," ती म्हणाली.

"ती एल.पी.ची असते. हिच्या खाचा रुंद असतात, जाड सुई लागते. देतो."

"आणि काका, लेबलाशेजारी नंबर आहे बघा. आमच्या ग्रुपवर म्हणतात, नंबरावरून गाणं, गायिका, सगळं सापडतं. कुठल्या तरी यादीत पणजीचं नाव छापलेलं मला आजीला दाखवायचंय. ग्रुपवर फोटो टाकू, की तुम्ही बघाल?"

"मी बघतो," मी म्हणालो. "चार दिवसांनी ये."

ती गेली. मग माझे शब्द माझ्या कानात शिरले. वीस वर्षांपूर्वी तिच्या आजीला हेच म्हणालो होतो, याच जागी बसून. आणि मला समजलं की या चार दिवसांतही मी काहीतरी करू शकतो. नंबर पुसट आहे म्हणू शकतो. यादी अपुरी आहे म्हणू शकतो. ती विश्वास ठेवेल. मी जुनं जपणारा माणूस आहे ना.

नंबर शोधायला दहा मिनिटं लागली. जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्या मंडळींनी याद्या करून ठेवल्यात. नाव निघालं अनसूयाबाई माढेकर. आपल्या माढ्याच्या. खाली दोन भजनं. मी ते नाव मोठ्यानं वाचलं. ज्या बाईला मी दुसऱ्याची आई केलं, तिचं नाव मला पहिल्यांदा कळत होतं.

जेवताना बायकोला सांगितलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, तिलाही माहीत नव्हतं. ती आधी म्हणाली, "म्हणून त्या पोळ्या शिंप्याकडं जायच्या होय?" मग म्हणाली, "आता सांगून काय मिळवणार? ऐंशी वर्षांच्या बाईची आई काढून घेणार?"

"काढून घेत नाही. ती कधी दिलीच नव्हती."

"त्यांना मिळाली होती की."

याचं उत्तर तीन दिवस शोधत राहिलो. फक्त एवढं कळत होतं की आता गप्प बसलो तर ते अक्कांसाठी आहे असं मला म्हणता येईल, आणि ते खोटं असेल.

चौथ्या दिवशी सकाळी स्नेहाला फोन केला, तू नको येऊस, मीच येतो. दोन्ही रेकॉर्ड घेतल्या. खिशात जाड सुईची डबी घेतली. कशासाठी ते स्वतःलाही सांगितलं नाही. कोरडी बाजू घरी लावून बघावी असं चारही दिवस वाटत होतं. धीर झाला नाही. ती वाजली तर काय, याचीच भीती जास्त होती.

अक्कांचं घर जुळे सोलापुरात आहे. त्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. ऐंशीतही कणा ताठ. "ये, सुरेश. वीस वर्षं डबे पाठवले, आज घरी आलास होय." स्नेहानं पाणी आणलं. मी ते घेतलं नाही. उभ्यानंच सांगायला सुरुवात केली. कापूस, स्पिरिट, काळा डाग, माळा, ओलं फडकं. क्रम चुकू नये म्हणून रस्त्यात पाठ केलं होतं. शेवटी म्हणालो, "देव्हाऱ्याजवळ असते ती तुमची आई नाही अक्का. ही आहे." आणि वर्तमानपत्रातली रेकॉर्ड टेबलावर ठेवली.

स्नेहा माझ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं बघू शकलो नाही.

अक्कांनी पाय सोफ्यावरून खाली सोडले. मग अगदी हळू म्हणाल्या, "वीस वर्षं. रोज सकाळी. मी कुणाच्या आईपुढं हात जोडत होते रे?"

मी म्हणालो, "चुकलं."

"रेकॉर्ड बिघडली ते चुकलं. वस्तू हाय, बिघडती. त्या दिवशी मला म्हणाला असतास, अक्का, गेली, तर मी रडले असते आणि घरी गेले असते. तू मला दुसरी बाई दिलीस. याला चुकलं म्हणत नाहीत."

"नाही म्हणत."

"मग काय म्हणतात?"

"फसवलं."

"हां," त्या म्हणाल्या. "तेवढं ऐकायचं होतं."

स्नेहानं मधल्या वेळात वर्तमानपत्र सोडलं होतं. खिडकीच्या उजेडात तिनं रेकॉर्ड तिरकी धरली, फराट्यांवर बोट फिरवलं, मग उलटी केली. "काका, ही बाजू तर चकचकीत आहे."

"त्या बाजूला मी हात लावला नव्हता."

"वाजते?"

"लावून बघितली नाही."

"वीस वर्षांत?"

मी खिशातली डबी चाचपली. तिला कळलं असावं, कारण तिनं पुन्हा विचारलं नाही.

"अगं, मग बघत काय बसलीस?" अक्का म्हणाल्या. "लाव की."

मी डबी काढली. सुई बसवायला स्नेहाला दिली. रेकॉर्ड ठेवली, वेगाचा खटका अठ्ठ्याहत्तरवर नेला, सुई कडेला टेकवली. आधी नुसती खरखर, गरम तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी. माझ्या मनात आलं, गेली, हीही गेली. आणि पेटीचा सूर आला.

मग बाई गायला लागली. कानडीत. आवाज गोड नव्हता. थोडा नाकातून, उघडा, शेतात लांबच्या माणसाला हाक मारतात तसा. आणि घाई इतकी की तबलेवाला तिच्या मागून धावत होता. तीन मिनिटांत सगळं म्हणून संपवायचंय असं तिला कुणीतरी सांगितलं असणार आणि तिनं ते फारच मनावर घेतलं असणार. गाणं दहाएक सेकंद आधीच संपलं. पेटी थांबली. मग त्याच घाईत ती बाई बोलली. स्वतःचं नाव आणि गावाचं नाव. फार जुन्या काळी गाणारे असं शेवटी आपलं नाव सांगायचे, म्हणजे रेकॉर्ड कुणाची ते ऐकणाऱ्याला कळायचं. हिला ते कुणी सांगितलं असेल, किंवा आपलं आपणच सांगितलं असेल. ईरव्वा. आणि अक्कांच्या माहेरच्या गावाचं नाव.

सुई आतल्या खाचेत फिरत राहिली. कुणी उचलली नाही.

"मत्ते हाक," अक्का म्हणाल्या. परत लाव.

पाच वेळा लावली. तिसऱ्या वेळी अक्का हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "अगं सावकाश म्हण की गं अव्वा. कुणी पाठीमागं लागलंय का?" आणि स्नेहाला म्हणाल्या, "तुझा बाप जेवतो बघ कसा. मी बोलते कशी. आता कळलं हे घरात कुठनं आलं."

स्नेहा म्हणाली, "आणि मी?"

"तू तर तिच्यावरच गेलीस. नाकात बोलतीस."

मी आतापर्यंत उभाच होतो. अक्कांनी माझ्याकडं बघितलं. "बस आता. खुर्चीला काय स्पिरिट लागतंय का?"

मी बसलो. त्या पाच वेळांत कधीतरी माझ्या छातीवरचं काहीतरी सरकलं होतं. बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाजही वाटत होती.

"आणि माझ्या पोळ्या खात होतास वीस वर्षं," त्या म्हणाल्या.

"नाही खाल्ल्या अक्का. शेजारच्या शिंप्याला द्यायचो."

त्यांचा चेहरा बदलला. सगळ्या सकाळीत मला खरी बोलणी बसली ती तेव्हा. "त्या शिंप्याला? शेंगा निवडून, भाजून, कुटून, हातानं लाटून? अरे, फसवलंस ते फसवलंस, खायला काय झालं होतं?"

मी कबूल केलं की याला काही खुलासा नाही.

मग त्यांनी विचारलं, "त्या गेलेल्या बाजूला काय होतं?"

"माहीत नाही. लेबल नव्हतं, आणि मी ऐकायच्या आधीच पुसली."

स्नेहा म्हणाली, कॉम्प्युटरवर काहीतरी करता येईल, तिच्या ओळखीत आवाज स्वच्छ करणारे लोक आहेत. मी तिला खरं ते सांगितलं. धूळ काढता येते, खरखर काढता येते. खाचच विरघळली की काढायला काही उरत नाही. ईरव्वाच्या रेकॉर्डचा नंबर मी सगळ्या याद्यांमध्ये बघितलाय, कुठंच नाही. दुसरी प्रत कुणाकडं असेलही, पण मला आशा नाही. ते एक गाणं माझ्या कापसावर आलं आणि कचऱ्याच्या डब्यात गेलं. याच्यातून सुटका नाही, आणि मला ती मागायचीही नाही.

अक्का उठल्या, देव्हाऱ्याजवळच्या फळीपाशी गेल्या. तिथं रेकॉर्डच्या रिकाम्या जागेवर त्या सकाळचं पिवळं फूल पडलेलं होतं. ते उचलून त्यांनी हातात घोळवलं, कुठं ठेवावं ते कळत नसल्यासारखं. मग म्हणाल्या, "ही दुसरी कोण होती, काही कळलं का?"

"कळलं. अनसूयाबाई माढेकर. माढ्याच्या."

"माढ्याची? मग ती काय लांब हाय. पोरंबाळं असतील की तिला. नातवंडं असतील. त्यांच्याकडं तरी असेल का हा आवाज?"

"काय माहीत. बहुतेक नसेल. कुणाकडंच नसतात."

"मग जा आणि बघ. शोध. नसला तर ही रेकॉर्ड त्यांची. देऊन ये." त्यांनी दुसरी रेकॉर्ड खणात गुंडाळली. खण बदलला नाही, तोच ठेवला. गाठ मारता मारता थांबल्या. "नुसती देऊन येऊ नको. त्यांना सांग."

"काय सांगू अक्का?"

"सांग, बाई सोलापुरात होती म्हणावं. वीस वर्षं आमच्या घरी राहिली. फुलाबिगर एक सकाळ गेली नाही तिची."